सापाचा रंग कसा वाचायचा: बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकच्या मॉर्फमागचं जनुकांचं गणित

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पावसाळा लागला की 'पांढरा नाग सापडला' असा एखादा फोटो मोबाइलवर फिरतोच. त्याच्याखाली गुप्तधन, नागमणी, देवस्थान असं काही ना काही लिहिलेलं असतं. दुसरीकडे पीयूसीला (अकरावी-बारावीला) बायॉलॉजी घेतलेली मुलं हल्ली इंटरनेटवर पिवळेधमक, ठिपक्याठिपक्यांचे, निम्मे पांढरे बॉल पायथन बघतात आणि विचारतात, 'सर, हे खरे असतात का? रंगवलेले नाहीत ना?' दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: कातडीतल्या रंगपेशी आणि त्या पेशी चालवणारी जनुकं. हे नीट समजलं तर सापाकडे बघून बरंच काही सांगता येतं. शिवाय बघून काय सांगता येत नाही, हेही कळतं, आणि माझ्या मते पाळणाऱ्याला त्याचीच जास्त गरज असते.

पुढची माहिती टप्प्याटप्प्यानं घ्या. जनुकांचं गणित वहीत स्वतःच्या हातानं मांडून बघा. नुसतं वाचून ते मुरत नाही.

सगळ्यात आधी कायदा

नाग, धामण, घोणस, अजगर, मांडूळ असे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. सापडलेला साप पांढरा असो की पिवळा, त्यानं काही फरक पडत नाही. उलट असा वेगळा दिसणारा साप सापडला की सर्पमित्रानं लगेच वनखात्याला कळवावं आणि फोटोत जागेचं नाव देऊ नये. मांडुळाच्या नावाखाली आपल्या सीमाभागात किती फसवणूक आणि तस्करी झाली आहे, हे वेगळं सांगायला नको.

या लेखातले साप परदेशी आहेत. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन हे देश त्याच्या निर्यातीसाठी ओळखले जातात. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बॉल पायथनचं नाव साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याच्या ताब्यात गेला, तर तेही कळवायचं असतं. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही, पण म्हणून तो पिशवीत घालून विमानानं आणता येत नाही. आयातीचा परवाना आणि प्राण्याच्या आरोग्याची कागदपत्रं त्यालाही लागतात. मुंबई, चेन्नई, बेंगळुरूच्या विमानतळांवर बॅगांमध्ये कोंबलेले अजगर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्या बॅगेतून सुटलेला साप पुढे कोणाच्या तरी घरी 'स्वस्तात' पोचतो, हे विसरू नका.

सीमाभागातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सहज जाऊन येतो, पण वन्यजीवांच्या कागदांसाठी तो रस्ता दोन राज्यांमधला आहे. कर्नाटकचे मुख्य वन्यजीव रक्षक बेंगळुरूत बसतात, महाराष्ट्राचे नागपुरात. साप पलीकडे न्यायचा किंवा पलीकडून आणायचा असेल, तर आधी वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारा.

रंग तीन थरांतून येतो

माणूस, उंदीर, ससा यांच्या कातडीत आणि केसांत रंगाचं काम एकाच प्रकारच्या पेशी करतात. त्या मेलॅनिन बनवतात. मेलॅनिन गेलं की ससा पांढराशुभ्र. सापाचं तसं नाही. त्याच्या कातडीत मुख्यतः तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. मेलॅनोफोरमध्ये काळं-तपकिरी मेलॅनिन असतं. झँथोफोरमध्ये पिवळी, नारिंगी द्रव्यं असतात, आणि ज्या पेशींत लाल जास्त असतं त्यांना एरिथ्रोफोर म्हणतात. तिसऱ्या इरिडोफोर. त्यांच्यात रंगद्रव्य नसतं, ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात. त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि त्यातून चकाकी किंवा निळसर छटा दिसते.

हिरवा साप हे तीन थर मिळून काम करतात याचं उत्तम उदाहरण आहे. आपल्या हरणटोळात हिरवं रंगद्रव्य नसतं. खालून निळसर प्रकाश येतो, वर पिवळा थर असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला जुना हरणटोळ निळा पडलेला दिसतो, तो याचमुळे. स्पिरिटमध्ये पिवळं द्रव्य विरघळून जातं.

आता 'अल्बिनो साप पांढरा का नसतो' हे सोपं होईल. अल्बिनो बॉल पायथनमध्ये फक्त मेलॅनिन नसतं, पिवळं जागेवर राहतं. म्हणून मूळचा काळा-तपकिरी साप पांढऱ्यावर पिवळ्या नक्षीचा दिसतो. कॉर्न स्नेकमध्ये काळं गेलं की लाल-नारिंगी उरतं. पाळणारे त्याला अमेल म्हणतात. त्याच सापातून लाल काढून घेतलं तर काळा-करडा साप उरतो, त्याला अ‍ॅनेरी म्हणतात. बॉल पायथनमध्ये पिवळं नसलेल्याला अ‍ॅक्झँथिक म्हणतात. मॉर्फची, म्हणजे पिढ्यान्पिढ्या उतरणाऱ्या अशा रंग-नक्षीच्या प्रकारांची, नावं शेकड्यांनी आहेत, पण सुरुवातीला एकच प्रश्न विचारायचा: यातून कोणता थर कमी झाला आहे?

साप समोर आला की काय बघायचं

पहिल्यांदा डोळे. बाहुली लालसर किंवा गुलाबी असेल, तर मेलॅनिन बनतच नाही असं समजा. डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो. साप पूर्ण पांढरा आहे आणि डोळे काळे किंवा निळे आहेत, तर तो अल्बिनो नाही, ल्युसिस्टिक आहे. यामागचं कारण गर्भात आहे. कातडीतल्या रंगपेशी गर्भाच्या पाठीकडच्या न्यूरल क्रेस्ट या भागातून निघून अंगभर पसरतात. डोळ्याच्या पडद्यामागचा काळा थर मात्र तिथून येत नाही, तो डोळा ज्यापासून घडतो त्या भागातूनच तयार होतो. म्हणून कातडीपर्यंत रंगपेशी पोचल्या नाहीत तरी डोळा काळा राहू शकतो. पायबॉल्ड बॉल पायथनमध्ये, म्हणजे अंगाचा काही भाग कोरा पांढरा आणि काही भाग नेहमीच्या रंगाचा अशा सापात, पांढऱ्या पट्ट्यात रंगपेशीच नसतात. त्याचे डोळे काळे असतात.

पुढच्या पावसाळ्यात 'पांढऱ्या नागाचा' फोटो आला की तोच नियम लावा. डोळे लाल आहेत का, अंगावर फिकट पिवळसर झाक आहे का, एवढं बघितलं तरी बरंचसं कळतं.

डोळ्यांनंतर नक्षी. रंग आणि नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहापूर-वडगावच्या मागावर सूत काळ्याऐवजी पांढरं लावलं तरी बुट्टी तीच उठते, तसं अल्बिनोमध्ये रंग बदलतो, नक्षी तशीच राहते. नक्षी बदलणारी जनुकं निराळी. बॉल पायथनमध्ये क्लाउन, पिनस्ट्राइप, स्पायडर ही नावं नक्षी बदलणाऱ्या मॉर्फची आहेत. त्यामुळे वहीत दोन रकाने करा: रंगात काय बदललं, नक्षीत काय बदललं. एका सापात दोन्हीकडे बदल असेल, तर किमान दोन जनुकांचा संशय घ्या. एकच जनुक दोन्ही कामं करतं असंही असतं, म्हणून हा संशयच, निष्कर्ष नाही.

खानापूर तालुक्यात कणकुंबी, चोर्ला घाटाकडे पावसात मलबार चापडा दिसतो. एकाच जातीत हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी असे कितीतरी रंग असतात. ते वेगळेपण निसर्गात टिकलेलं आहे, कुठल्याही पाळणाऱ्यानं जोड्या लावून घडवलेलं नाही. चापडा विषारी आहे आणि जंगलात राहण्यासाठी आहे. त्याच्याकडे बघा, फोटो काढा, काठी लावू नका.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती

पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून मिळते आणि एक बापाकडून. नेहमीची प्रत 'न' आणि अल्बिनो प्रत 'अ' असं धरू. मग साप तीन प्रकारचे असू शकतात: न-न, न-अ, अ-अ.

मेलॅनिन बनवायला एक चांगली प्रत पुरते. म्हणून न-अ साप दिसायला अगदी नेहमीसारखा असतो, पण अल्बिनो प्रत आत बाळगून असतो. त्याला पाळणारे हेट म्हणतात. अशा गुणाला अप्रभावी म्हणतात. बॉल पायथनमध्ये अल्बिनो, पायबॉल्ड, क्लाउन, अ‍ॅक्झँथिक हे अप्रभावी आहेत.

हे सिद्ध कसं झालं, तो इतिहास फार सुंदर आहे. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक अल्बिनो नर कॉर्न स्नेक पकडला गेला. बर्नार्ड बेक्टेल या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याची जोडी नेहमीच्या मादीशी लावली. पहिल्या पिढीत एकही अल्बिनो पिल्लू नाही. त्या पिल्लांची आपसात जोडी लावल्यावर १९६१ मध्ये अल्बिनो पिल्लं निघाली. बॉल पायथनमध्ये हेच काम बॉब क्लार्क यांनी १९९२ मध्ये करून दाखवलं. मेंडेलनं वाटाण्यात जे बघितलं, तेच दोन पिढ्यांच्या सबुरीनं सापात दिसलं.

आता तर जनुकांचा पत्ताही लागला आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की अमेल कॉर्न स्नेकमध्ये ओसीए२ या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसून बसला आहे. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या गटानं पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या काती वापरून २०२२ मध्ये बॉल पायथनच्या अल्बिनो मॉर्फचा संबंध टीवायआर जनुकाशी आणि लॅव्हेंडर अल्बिनो या दुसऱ्या मॉर्फचा ओसीए२ शी जोडला. माणसातल्या अल्बिनिझममध्येही हीच दोन जनुकं येतात. टीवायआर हे जनुक मेलॅनिन बनवण्याची पहिली पायरी चालवणारं एन्झाइम तयार करतं.

चौकोन मांडा

वहीत चार घरांचा चौकोन आखा. वर आईच्या दोन प्रती, डाव्या बाजूला बापाच्या दोन प्रती लिहा, आणि प्रत्येक घरात दोघांच्या प्रती एकत्र करा.

अल्बिनो (अ-अ) आणि साधा (न-न): चारही घरांत न-अ. सगळी पिल्लं दिसायला साधी, सगळी शंभर टक्के हेट.

अल्बिनो आणि हेट: निम्मी अल्बिनो, निम्मी खात्रीची हेट.

हेट आणि साधा: निम्मी हेट, निम्मी साधी, पण दिसायला सगळी सारखीच. अशा पिल्लाला ५० टक्के पॉसिबल हेट म्हणतात.

हेट आणि हेट: एक घर न-न, दोन घरं न-अ, एक घर अ-अ. म्हणजे चारात एक अल्बिनो. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या तिघांत दोन हेट असतात, म्हणून त्यांना ६६ टक्के पॉसिबल हेट म्हणतात.

हे सगळे आकडे शक्यतेचे आहेत, वाटणीचे नाहीत. प्रत्येक अंड्यासाठी नाणं नव्यानं उडतं. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहाच्या आसपास अंडी देते. हेट आणि हेटच्या जोडीतून सहा अंडी आली, तर त्यांत एकही अल्बिनो नसण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण असं सहा वेळा करायचं. उत्तर सुमारे १८ टक्के येतं. म्हणजे जवळपास पाचात एका क्लचमध्ये (एका वेळच्या सगळ्या अंड्यांत) हाती काहीच लागत नाही, आणि त्यात विक्रेत्यानं फसवलंच असं म्हणता येत नाही.

मग पॉसिबल हेट खरोखर हेट आहे का, हे कसं तपासायचं? त्याची जोडी अल्बिनोशी लावायची. एक जरी अल्बिनो पिल्लू निघालं, तरी सिद्ध झालं. ६६ टक्के पॉसिबल हेटच्या अशा जोडीतून सहाच्या सहा पिल्लं साधी निघाली, तर तो हेट असण्याची शक्यता ६६ वरून सुमारे ३ टक्क्यांवर उतरते. पूर्ण शून्य होत नाही, पण पैसे मोजताना तो साप साधा धरावा. अमेरिकेत आता कातीवरून काही जनुकांची चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत.

एक प्रत असली तरी दिसणारे गुण

सगळी जनुकं अल्बिनोसारखी लपून बसत नाहीत. पेस्टल बॉल पायथन घ्या. एक प्रत असली की साप जास्त पिवळा आणि उजळ दिसतो. दोन प्रती असल्या की आणखी वेगळा, फिका दिसतो आणि त्याला सुपर पेस्टल म्हणतात. पेस्टल आणि पेस्टलच्या जोडीत चारात एक सुपर, दोन पेस्टल, एक साधा. बाजारात याला को-डॉमिनंट म्हणतात. पीयूसीच्या पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे हा अपूर्ण प्रभाव आहे. नाव काहीही घ्या, चौकोन तोच राहतो. फक्त हेट इथे डोळ्यांना दिसतो.

यातला सर्वांत रंजक भाग मोहावे, लेसर, बटर, रुसो या गटाचा. एकेकटा मोहावे किंवा लेसर हा तपकिरी, उजळ साप असतो. मोहावे आणि लेसरची जोडी लावली की चारात एक पिल्लू निळ्या डोळ्यांचं पांढरंशुभ्र निघू शकतं. कारण हे सगळे एकाच जनुकाचे वेगवेगळे अवतार आहेत, म्हणजे अलील. एका सापाकडे जागा दोनच असतात, त्यामुळे या गटातल्या तीन गोष्टी एका सापात कधीच मावत नाहीत. कुणी तसा साप विकायला काढला, तर समजून घ्या. मोहावे-लेसर असा पांढरा साप साध्या सापाशी जोडला की एकही साधं पिल्लू येत नाही. प्रत्येकाला मोहावे किंवा लेसर यांतली एक प्रत मिळतेच.

दोन जनुकं एकत्र आली की

कॉर्न स्नेकमधला स्नो हा साप अमेल आणि अ‍ॅनेरी यांचा मेळ आहे. काळंही नाही, लालही नाही, उरतो गुलाबीसर पांढरा. अमेल आणि अ‍ॅनेरीची जोडी लावली की पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साध्या रंगाची येतात. नवशिका इथे निराश होतो. पण ती सगळी दोन्हींची हेट असतात. त्यांची आपसात जोडी लावली की १६ घरांच्या चौकोनात ९ साधी, ३ अमेल, ३ अ‍ॅनेरी आणि १ स्नो येतो. इथेही तेच: १६ अंडी मिळाली तरी त्यांत एकही स्नो नसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे.

दिसायला सारखे असणारे दोन साप आतून वेगळे असू शकतात. अल्बिनो बॉल पायथन आणि लॅव्हेंडर अल्बिनो बॉल पायथन यांची जोडी लावली, तर पिल्लं काळ्या-तपकिरी रंगाची, नेहमीसारखी येतात. एकाची बिघडलेली प्रत टीवायआरमध्ये, दुसऱ्याची ओसीए२ मध्ये. दोघंही एकमेकांची उणीव भरून काढतात. अ‍ॅक्झँथिकमध्येही व्हीपीआय, टीएसके, जॉलिफ अशा वेगळ्या लाइन, म्हणजे वंशरेषा, आहेत. लाइन न विचारता दोन अ‍ॅक्झँथिक जोडले आणि सगळी पिल्लं साधी निघाली, तर विक्रेत्यावर चिडण्याआधी लाइन तपासा.

बनाना आणि नर-मादीचा प्रश्न

बनाना हा पिवळा-जांभळट बॉल पायथन हिशेबात गोंधळ घालतो. ही प्रत एक असली तरी दिसते, पण ती नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्राच्या जोडीवर बसलेली आहे. बरीच वर्षं सगळ्या सापांत पक्ष्यांसारखी, मादीकडे वेगळी जोडी असलेली पद्धत असावी असं धरलं जात होतं. २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवलं की बोआ आणि पायथनमध्ये नराकडे एक्स-वाय, म्हणजे माणसासारखी पद्धत आहे. बनानाचं कोडं तेव्हा नीट सुटलं.

नर बनानाला ही प्रत आईकडून मिळाली असेल, तर ती त्याच्या एक्सवर आहे. त्याची बनाना पिल्लं बहुतेक मादी निघतात. बापाकडून मिळाली असेल, तर ती वायवर आहे, आणि त्याची बनाना पिल्लं बहुतेक नर. 'बहुतेक' म्हणण्याचं कारण, शुक्रपेशी बनताना गुणसूत्रांत कधीकधी तुकड्यांची अदलाबदल होते. मादी बनानाच्या पिल्लांत असा भेद राहत नाही. म्हणून बनाना नर घेताना एकच प्रश्न पुरे: याला बनाना आईकडून आलं की बापाकडून? उत्तर नसेल तर चौकोन मांडताच येत नाही.

जनुक सगळं ठरवत नाही

अंडी उबवताना तापमान बिघडलं, तर नक्षीवर परिणाम होऊ शकतो. पट्टे जुळतात, तुटतात, आणि त्याबरोबर मणक्यालाही वाकडेपण येऊ शकतं. बॉल पायथनची अंडी साधारण ३१ ते ३२ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि पिल्लं ५५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री गारवा चांगलाच असतो. अथणी, रायबाग कोरडे आणि तापणारे, खानापूर पावसानं ओलं. त्यामुळे दुसऱ्याच्या गावातलं वेळापत्रक उचलू नका. थर्मोस्टॅट आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आधी, अंडी नंतर. आणि एका क्लचमध्ये एखादं विचित्र पट्ट्याचं पिल्लू आलं म्हणून त्याला नवं नाव देऊन विकू नका. तो गुण पुढच्या पिढीत उतरल्याशिवाय तो मॉर्फ नसतो.

वयानंही रंग बदलतो. काही लाइनचे अ‍ॅक्झँथिक पिल्लं असताना रुपेरी-करडे असतात आणि मोठे होताना तपकिरी होत जातात. अ‍ॅनेरी कॉर्न स्नेकच्या मानेवर वाढत्या वयात पिवळा रंग येतो, कारण ते पिवळं खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतं. बनानावर काळे ठिपके वाढत जातात. पिल्लाचा फोटो बघून पैसे दिले आणि तीन वर्षांनी वेगळाच साप दिसला, अशी तक्रार यातूनच येते.

शिवाय एकाच मॉर्फमध्ये काही साप जास्त उजळ असतात. ते अनेक लहानसहान जनुकांचं मिळून काम असतं. तिथे चौकोन चालत नाही, चांगले आईबाप निवडत पिढ्यान्पिढ्या पुढे जावं लागतं.

रंगाची किंमत साप मोजतो तेव्हा

हे मला सगळ्यांत जिव्हाळ्यानं सांगायचं आहे. स्पायडर बॉल पायथन दिसायला देखणा असतो, जाळीसारखी बारीक नक्षी. पण त्या जनुकाबरोबर डोकं हलणं, तोल जाणं, उलटं वळणं येतं. आतल्या कानाच्या रचनेतच दोष आढळला आहे. कमी-जास्त असतं, पण चांगली देखभाल केली म्हणून ते बरं होत नाही. दोन प्रती असलेला स्पायडर कधी दिसलेला नाही, ती पिल्लं जगत नसावीत असंच मानलं जातं. वोमा आणि शॅम्पेन या मॉर्फमध्येही तोल जाण्याचा त्रास दिसतो. सुपर सिनॅमन आणि सुपर ब्लॅक पेस्टलमध्ये चपटं तोंड किंवा मणक्याचं वाकडेपण येऊ शकतं. लेसरच्या दोन प्रती असलेल्या पांढऱ्या सापात बटबटीत डोळे दिसतात. कॅरॅमल अल्बिनोमध्ये मणका वाकण्याचा धोका असतो. डेझर्ट मॉर्फच्या माद्यांना अंडी घालताना मोठा त्रास होतो, म्हणून त्यांना जोडीला लावू नये.

हे साप घेऊ नका, त्यांची पैदास करू नका, असं मी स्पष्ट म्हणतो. निळ्या डोळ्यांचा पांढरा साप हवाच असेल, तर मोहावे आणि लेसरची जोडी लावा, लेसर आणि लेसरची नको. रंगासाठी पर्याय असतो, तोल गेलेल्या सापाला तो मिळत नाही.

आपसात नात्यातल्या जोड्या लावतानाही हात आवरा. बाहेरची रक्तरेषा आणली की काम एक पिढी लांबतं, पण अशक्त पिल्लं कमी होतात. आणि नको झालेला साप चोर्ल्याच्या किंवा भीमगडच्या जंगलात सोडायचा विचारही मनात आणू नका. फ्लोरिडात सोडलेल्या बर्मीज पायथननी तिथल्या सस्तन प्राण्यांची काय दशा केली, हे सगळ्या जगानं बघितलं आहे. परदेशी सापाबरोबर आपल्या सापांना न झेपणारे रोगही येऊ शकतात.

विचारायचं काय आणि लिहायचं काय

घेण्याआधी विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: आई-बापाचे फोटो आणि त्यांच्या मॉर्फची नावं, हेट सांगितला असेल तर तो शंभर टक्के की पॉसिबल, अ‍ॅक्झँथिक असेल तर लाइन, बनाना नर असेल तर आईकडून की बापाकडून, नोंदणीचे कागद, शेवटचं खाणं कधी झालं आणि वजन किती. साप चालताना पाच मिनिटं स्वतः बघा. डोकं वर उचलून थरथरतं का, अंग पालथं पडलं तर सरळ होतो का. फोटोवरून हे कळत नाही, म्हणून फोटोवर पैसे पाठवू नका.

घरी प्रत्येक सापाची वेगळी वही करा. नाव, जन्मतारीख, आईबाप, माहीत असलेली जनुकं, संशयातली जनुकं हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. 'हेट' हा शब्द पुराव्याशिवाय लिहू नका. पिल्लं निघाली की पहिली कात टाकल्यानंतर प्रत्येकाचा वरून, बाजूनं आणि पोटाकडून असे तीन फोटो दिवसाउजेडात काढा, कारण ट्यूबलाइटखाली पिवळं आणि पांढरं सारखंच दिसतं. मग दर सहा महिन्यांनी तेच तीन कोन. टाकलेली कात वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर सापाचं नाव व तारीख लिहा. पुढे चाचणी करायची वेळ आली तर तीच कात लागेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली, तर आपल्याकडच्या पावसात तिला बुरशी येते.